किरणांची नोंद कुणाच्या खाती?

हृदयात नळी घालण्याच्या विद्येला शंभर वर्षे होत आली. तिचा इतिहास आपण सांगतो तो शोधांचा आणि स्टेंटचा. पण ज्या क्ष-किरणांच्या आधाराने हे सारे घडते, त्यांच्या हिशेबाचाही इतिहास आहे. अमरावती-अकोल्याकडून तो पाहताना जी विसंगती दिसते, ती येथे मांडतो.

१९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्डे येथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने स्वतःच्या हाताच्या शिरेतून हृदयाकडे नळी सरकवली आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर, आरशात पाहत, तिचा प्रवास तपासला. त्या दिवशी किरण वापरणारा आणि अंगावर घेणारा एकच होता. पुढे १९५८मध्ये क्लीव्हलंडला मेसन सोन्स यांनी हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे चित्रण केले, १९७७मध्ये झुरिचला आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी फुग्याने वाहिनी उघडली. तोवर दोघे वेगळे झाले होते: एक टेबलाशी उभा, दुसरा टेबलावर आडवा.

हिशेब प्रथम सुरू झाला तो उभ्या माणसाचा. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राने १९७५च्या सुमारास फिल्मऐवजी टीएलडी बिल्ला आणला. त्यातील कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या किरणांची ऊर्जा साठवतात. तापवल्या की प्रकाश देतात आणि त्या प्रकाशावरून मात्रा कळते. १९८३ हे साल दोन कारणांनी लक्षात ठेवावे. त्या वर्षी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि अणुऊर्जा नियामक मंडळही. पुढे याच विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात अशा प्रकाशदीप्त पदार्थांवर संशोधन झाले. म्हणजे किरण मोजण्याची विद्या वऱ्हाडाला परकी नाही.

नियमाने डॉक्टर-तंत्रज्ञांना वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे. रुग्णाला मर्यादा नाही, आणि ते योग्यच आहे. हार्ट अटॅक आलेल्या माणसाची अँजिओप्लास्टी आकड्यापायी अर्धवट सोडता येत नाही. पण मर्यादा नसणे म्हणजे नोंदही नसणे नव्हे. निसर्गातून जगभर माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. अँजिओग्राफीत साधारण ७, अँजिओप्लास्टीत १५च्या आसपास, गुंतागुंतीच्या केसमध्ये त्याहून बरेच जास्त.

किरणांची नळी टेबलाखाली असते, म्हणून सर्वाधिक मारा पाठीच्या कातडीवर होतो. एकाच जागी २ ग्रेच्या पुढे मात्रा गेली तर कातडी लाल होऊ शकते. फार जास्त झाली तर काही आठवड्यांनी, महिन्यांनी जखम होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९४मध्येच याचा इशारा दिला होता. तोवर रुग्ण गावी परतलेला असतो. पाठीवरचा चट्टा दाखवायला तो कातडीच्या डॉक्टरकडे जातो आणि दोघांनाही कॅथलॅब आठवत नाही.

जुलै २०१२मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होता. २०१३च्या अखेरीस अकोल्यासह उरलेले जिल्हे आले. पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेवर हृदयाचे उपचार आवाक्यात आले, हे मोठे काम झाले. त्याचबरोबर एकाच माणसाची तपासणी एका गावी, स्टेंट नागपूरला आणि दोन वर्षांनी दुसरा स्टेंट तिसरीकडे, असेही होऊ लागले. ओळखीच्या काही जणांच्या फायली मी चाळल्या. पिशवीत जपून ठेवलेल्या त्या कागदांत ब्लॉकेजचे टक्के होते, स्टेंटची लांबी होती, बिलाचा आकडा होता. किरणांचा आकडा एकाही कागदावर नव्हता.

तो मिळवायला नवे यंत्र लागत नाही. आजच्या कॅथलॅबच्या पडद्यावर एकूण मात्रा मिलिग्रेमध्ये दिसतच असते. मात्रा घटवण्याचे उपायही साधे आहेत: टेबल वर, डिटेक्टर छातीजवळ, किरणांची चौकट लहान, सेकंदाला पंधराऐवजी साडेसात चित्रे, एकाच कोनात फार वेळ न थांबणे. रुग्णाच्या अंगावरून विखुरलेले किरणच डॉक्टरपर्यंत पोहोचतात. त्याची मात्रा घटली की डॉक्टरच्या बिल्ल्यावरचा आकडाही उतरतो.

वऱ्हाडातला शेतकरी सातबाऱ्यावरचा गुंठाही तपासून घेतो. त्याच्या पाठीवर पडलेल्या किरणांचा आकडा डिस्चार्ज कार्डावर एका ओळीत मावतो. पुढच्या गावच्या डॉक्टरला नेमकी तीच ओळ हवी असते.