कुल्फी वजनावर, आइस्क्रीम लिटरवर. असं का?

उन्हाळा लागला की दुकानातल्या एकाच फ्रीझरमध्ये दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसायला लागतात. आइस्क्रीम आणि कुल्फी. दोन्ही दुधाचे, दोन्ही गोड, दोन्ही गारेगार. त्यामुळे बऱ्याच जणांचा समज असतो की कुल्फी म्हणजे आपलं देशी आइस्क्रीम, फक्त काडीवरचं. तसं नाहीये मंडळी. आणि फरक नुसता चवीचा नाही, आपल्या खिशाचाही आहे. पोस्ट थोडी मोठी आहे, पण वाचा.

आधी बर्फाची गोष्ट. अबुल फझलने 'ऐन-इ-अकबरी'त अकबराचं पाणी गार कसं करायचे ते लिहून ठेवलंय. पाण्यात सोरा विरघळवायचा आणि त्यात पिण्याच्या पाण्याची सुरई पाव तास फिरवायची. सोरा म्हणजे बंदुकीच्या दारूत घालतात तोच. पुढे दरबार पंजाबात गेला, तेव्हा लाहोरपासून सुमारे ४५ कोसांवरच्या डोंगरातून बर्फ यायला लागला. होडीने, गाडीने, नाहीतर माणसांच्या डोक्यावरून. सोऱ्याने पाणी गार होतं, पण आटवलेलं गोड दूध घट्ट गोठवायचं तर बर्फ आणि मीठच पाहिजे. बर्फात मीठ मिसळलं की तापमान शून्याच्या खाली २० अंशांच्या आसपास जाऊ शकतं. कुल्फी उत्तरेत रुजली ती याच जोरावर. शब्दही फारसीतून आलाय, झाकणाच्या भांड्यावरून.

आपल्या मुंबईला बर्फ आला तो हिमालयातून नाही, थेट अमेरिकेतून! बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर तिथल्या गोठलेल्या तळ्यांमधला बर्फ कापून, भुशात गुंडाळून जहाजाने पाठवायचा. १८३३ साली 'टस्कनी' नावाचं जहाज चार महिन्यांचा प्रवास करून कलकत्त्याला पोचलं. वाटेत वितळून वितळून तरी सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. पुढच्याच वर्षी मुंबईतही बर्फ उतरला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम ठेवलं, आणि यजमान-पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी त्या वेळच्या 'बॉम्बे समाचार'ने छापली. परदेशी पदार्थ खाल्ल्याची शिक्षा, असा एकूण सूर!

आता मुद्द्याचं. कुल्फीलाही बर्फ-मीठ लागायचं आणि जुन्या आइस्क्रीमलाही. मग फरक कुठे पडला? हँडलमध्ये.

१८४३ मध्ये अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन या बाईंनी हाताने फिरवायच्या आइस्क्रीम-यंत्राचं पेटंट घेतलं. लाकडी बादली, आत धातूचा डबा, डब्यात फिरणारं पातं. आपल्याकडचा 'आइस्क्रीमचा पॉट' तो हाच. मे महिन्यात भाड्याने पॉट आणायचा, पोत्यात बर्फ फोडायचा, खडेमीठ टाकायचं आणि सगळ्या भावंडांनी आळीपाळीने हँडल मारायचं, हे माझ्या वयाच्या लोकांना सांगायला नको. हात भरून यायचे. पण त्या फिरवण्याने दोन कामं व्हायची. गोठताना तयार होणारे बर्फाचे कण मोडून बारीक राहायचे, आणि मिश्रणात हवा शिरायची. म्हणून ते मऊ. म्हणून चमच्याने उचलता येतं, गोळा काढता येतो.

कुल्फीत यातलं काही नाही. दूध मंद आचेवर निम्मं, कधी त्याहूनही कमी होईपर्यंत आटवायचं. त्यातच तो खव्यासारखा वास आणि किंचित बदामी रंग येतो. मग साच्यात भरायचं, झाकण लावून कणकेने बंद करायचं आणि बर्फ-मिठाच्या मटक्यात ठेवून द्यायचं. मटका हलवतात, पण आत पातं नाही. म्हणजे हवा जवळजवळ शून्य. म्हणून कुल्फी घट्ट, जड, चावून खायची. आणि म्हणूनच ती सावकाश वितळते.

हवा घालणं ही फसवणूक नाही, हे आधीच सांगतो. हवा नसेल तर आइस्क्रीम दगडासारखं होईल. प्रश्न आहे किती हवा, आणि ती आपण कोणत्या मापाने विकत घेतो याचा.

आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार साध्या आइस्क्रीमचं वजन लिटरला किमान ५२५ ग्रॅम हवं आणि दुधाचं फॅट किमान १० टक्के. आता हिशोब करा. गोठवण्याआधी त्या मिश्रणाचं वजन लिटरला साधारण १,१०० ग्रॅम असतं. म्हणजे एक लिटर मिश्रणाचं दोन लिटर आइस्क्रीम केलं तरी ते नियमात बसतं. एका लिटरच्या डब्यात साधारण अर्धा लिटर हवा! बेकायदेशीर काही नाही. पण डब्यावर मोठ्या अक्षरात असतात ते मिलिलिटर.

आणि गंमत म्हणजे या नियमांत आइस्क्रीम आणि कुल्फी एकाच व्याख्येत आहेत. किमान वजनही तेच. म्हणजे दूध आटवण्याऐवजी मिश्रण घुसळून, हवा भरून, वेलची-केशर घातलं तरी 'कुल्फी' लिहायला अडचण नाही. शेकडो वर्षांची पद्धत गेली, नाव तेवढं राहिलं. तिसरा प्रकार 'फ्रोझन डेझर्ट'. त्यात दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल किंवा फॅट असतं, आणि ते पाकिटावर लिहावं लागतं. चित्रात पिस्ते कितीही असोत, बारीक अक्षरं वाचा.

गिरगाव चौपाटीसमोर आजही कुल्फीच्या वड्या कापून, तराजूत तोलून देतात. ग्रॅमवर. मला वाटतं हेच माप सगळ्यांना लावावं. वजनाचा आकडा मिलिलिटरइतक्याच मोठ्या अक्षरात छापायला लावा आणि कुल्फीची व्याख्या वेगळी करा, एवढी साधी मागणी आहे. ग्राहक पंचायतीत काम करणाऱ्यांनी हा विषय जरूर उचलावा.

तोवर आपण एक करू शकतो. डबा उचलला की मागे वजन लिहिलंय का बघा. असेल तर किंमत भागिले ग्रॅम करा, आणि मग ठरवा स्वस्त कोण आणि महाग कोण. गाडीवरच्या लहानशा कुल्फीला "एवढ्याशीचे एवढे?" म्हणण्याआधी हा भागाकार नक्की करा.

आणि तुमच्या गावात अजून कोणी दूध आटवून मटक्यात कुल्फी लावत असेल, तर गावाचं नाव आणि ठिकाण खाली लिहा. यादी करू.