खोगिरापासून पद्मिनीच्या सीटपर्यंत

जुनी मोटार दिसली की आपण आधी बॉनेट उघडायला सांगतो. इंजिनाचा क्रमांक, कार्ब्युरेटर, चासीवरचे शिक्के यांची चौकशी होते, त्यांचा इतिहास लिहिलाही जातो. सीटच्या वाट्याला तेवढे कौतुक येत नाही. माझ्या मते मोटारीचा स्थानिक इतिहास मात्र तिथेच सापडतो. पद्मिनीचे इंजिन ट्यूरिनच्या आराखड्यावरून आले, अँबेसिडरचे घराणे ऑक्सफर्डचे. पण माणूस जिथे बसतो ती जागा सातारा-सांगलीकडे नेहमी इथल्याच कारागिरांनी उसवली, भरली आणि पुन्हा शिवली. आज घराच्या पोर्चमध्ये फियाटच्या सीटचे टाके उसवत बसलेला हौशी मालक या लांब रांगेतला सर्वांत अलीकडचा. रांगेचे पहिले टोक पाहायचे तर आपल्याला घोड्यापर्यंत मागे जावे लागते.

1708 मध्ये शाहू छत्रपतींचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला आणि हे गाव राजधानी बनले. घोडदळावर चालणाऱ्या राज्यात खोगीर शिवणाऱ्या जीनगराला कामाची वाण नव्हती. लोकरीची किंवा कापसाची भर, वरून ताणलेले चामडे आणि काठाला पक्के टाके ही खोगिराची रचना पुढच्या प्रत्येक बैठकीचा पाया ठरली. 1818 मध्ये पेशवाई संपल्यानंतर फौजा मोडल्या, तसे जीनगर चित्रकाम, मूर्तिकाम, धातुकाम अशा नाना उद्योगांकडे वळले. 1880 च्या दशकात पुण्याहून मिरजेकडे लोहमार्ग आला. महाबळेश्वरला जाणारे प्रवासी वाठार स्थानकावर उतरत आणि वाईमार्गे तांग्याने घाट चढत. आता गरज होती तांग्याच्या गादीची आणि बग्गीच्या हुडाची. घोडा अजून पुढे होताच. शिवणकाम मात्र त्याच्या पाठीवरून गाडीत सरकले. दाभण आणि आरी तीच राहिली.

त्याच सुमारास सह्याद्रीच्या जंगलांतून एक फळ समुद्रापार जात होते. हिरड्यात चामडे कमावणारे टॅनिन भरपूर असते, आणि मुंबई बंदरातून ब्रिटनमधल्या चर्मोद्योगाकडे हिरडा मोठ्या प्रमाणावर रवाना होई. लंडनमध्ये 1878 साली सुरू झालेला कॉनोली बंधूंचा चामड्याचा व्यवसाय पुढे रोल्स-रॉइसच्या सीटपर्यंत पोहोचला. संस्थानिकांच्या विलायती गाड्यांतले गुळगुळीत कातडे पाहताना मला नेहमी हा हिरडा आठवतो. कच्चा माल इथून जात असे आणि तयार वैभव तिथून येत असे. वसाहतीच्या व्यापाराचा नकाशाच त्या सीटवर उमटलेला असे.

कातडे सर्वांना परवडणारे नव्हते. मँचेस्टरजवळच्या हाइड गावात सुती कापडावर सेल्युलोज नायट्रेट, कापराचे तेल आणि रंग यांचा थर देऊन, वर चामड्यासारखी नक्षी उठवून रेक्झिन बनू लागले. यातला सेल्युलोज नायट्रेट हा बंदुकीच्या बिनधुराच्या दारूतलाही घटक. अमेरिकेत तर दारूगोळा बनवणाऱ्या ड्यू पाँटनेच 1910 मध्ये असे कापड बनवणारी फॅब्रिकॉइड कंपनी विकत घेतली. 1926 मध्ये बी. एफ. गुडरिच कंपनीतल्या वॉल्डो सेमन यांनी ठिसूळ पीव्हीसीला लवचीक केले. ते शोधत होते रबर धातूला चिकटवणारा पदार्थ, हाती आले न फाटणारे, न भिजणारे आवरण. आज साताऱ्याच्या दुकानात गुंडाळीवरून कापून मिळते ते रेक्झिन पीव्हीसीचेच. 1929 मध्ये डनलॉपने रबराच्या चिकाचा फोम केला, तर ऑटो बायर यांच्या 1937 च्या पॉलियुरेथेनमधून पुढे आजचा फोम निघाला. हे शोध आपल्याकडच्या मोटारींत पोहोचवण्यात एका सोलापूरकराच्या कारखान्याचाही वाटा होता.

हे सोलापूरकर म्हणजे वालचंद हिराचंद; त्यांचा जन्म 1882 चा. साताऱ्याजवळ धनजीशा कूपर यांनी 1922 मध्ये उभारलेला कूपर इंजिनिअरिंगचा कारखाना वालचंदांनी 1940 मध्ये घेतला. हे तेच कूपर, जे 1937 मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. 1944 मध्ये वालचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. सांगलीत धोंडूमामा साठे यांनी 1947 मध्ये काढलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयालाही 1955 मध्ये वालचंदांचे नाव मिळाले. मोटार, लोखंड आणि शिक्षण या तीन धाग्यांनी हा प्रदेश प्रीमियरच्या कुर्ल्यातल्या कारखान्याशी जोडला गेला, हे आपण फार कमी वेळा ध्यानात घेतो. प्रीमियरमधून 1954 पासून फियाट 1100 निघू लागली, 1964 मध्ये डिलाइट आली, 1972 मध्ये तिची प्रेसिडेंट झाली आणि 1974 मध्ये पद्मिनी.

त्या काळी परदेशी गाड्यांना दार बंद, देशी गाडीसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी; त्यामुळे एकदा घेतलेली गाडी घरात वीस-तीस वर्षे राही. इंजिन टिके, पण सीट उन्हाने तडकत असे, स्प्रिंगा बसत, काथ्याचा भुगा पायांशी पडे. म्हणून गावोगावी हूड आणि कुशनची दुकाने उभी राहिली. जीपचे ताडपत्री हूड, अँबेसिडरची खोळ आणि घरातला सोफा एकाच मशिनवर शिवला जाई. कारखान्याचे नमुने तिथे फारसे कुणी विचारत नसे. गिऱ्हाईक रंग सांगे, कारागीर पायपिंग सुचवी, आणि गाडी नवे रूप घेऊन घरी जाई. आज ज्याला आपण कस्टमायझेशन म्हणतो ते इथे चार-पाच दशके रोजचे काम होते. त्या कामाची किंमत आपण ओळखली नाही याची मला खंत वाटते.

आता हेच काम हौसेने घरी होऊ लागले आहे. सीट बोल्ट काढून बाहेर घ्यावी, खोळ कात्रीने न कापता टाक्याटाक्याने उसवावी. तिचे तुकडेच नव्या कापडाचे साचे होतात. उसवताना अनेकदा आवरणाखाली दुसरे आवरण निघते. कधी कारखान्याचे दोन रंगांचे, कधी एखाद्या लग्नाआधी घाईने चढवलेले. स्प्रिंगवर गोणपाट, त्यावर 40 डेन्सिटीचा फोम, मग रेक्झिन असा क्रम धरावा. घरगुती मशिनवर दोन थर निघतात. पायपिंगच्या जागी चार थर आले की सुई मोडते, तिथे कुशनवाल्याचे जड मशिनच हवे. दाराच्या पॅनेलमागे प्लास्टिक लावायला विसरू नये, कारण काचेच्या खाचेतून उतरणारे पावसाचे पाणी हार्डबोर्ड फुगवते. रबरी मॅट उचलून पत्रा तपासणे तर सर्वांत आधी. ज्यांना कातडे हवे त्यांनी विलायतेकडे पाहण्याची गरज नाही: 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेच्या क्षेत्रात सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे आहेत, आणि वनस्पतिजन्य टॅनिनने कमावलेले कातडे इथल्या चांभारांच्या हाताला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ते जाड असते, सीटसाठी पातळ करून घ्यावे लागते, पण वापराने सुंदर होत जाते.

30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी नाहीशी झाली. त्याआधी, 2021 मध्ये, केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणीचा नियम आणला होता. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. नोंदणी दहा वर्षांची, नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. नियमाने नावे घेऊन राखली ती ही तीन अंगे. सीटच्या कापडाचा त्यात उल्लेख नाही. 1974 मध्ये कुर्ल्यातून बाहेर पडलेल्या पहिल्या पद्मिनींची पन्नाशी 2024 मध्ये भरली, आणि त्यांच्या खोळींचा रंग अजूनही मालक आणि कुशनवाला मिळूनच ठरवतात.