श्वानांची लूत : त्वचारोगनिदान व उपचारांचा एक इतिहास

माणसाच्या त्वचेला खाज सुटली, तर गजकर्ण, नायटा, खरूज, इसब अशी निरनिराळी नावे मराठीत आहेत. कुत्र्याच्या वाट्याला मात्र बहुधा एकच शब्द येतो : लूत. केस झडलेले कुत्रे एकदा ‘लुतीचे’ ठरले की त्याला हाकलणे हाच रूढ उपाय. वस्तुतः या एका शब्दात किमान दोन भिन्न रोग मिसळले गेले आहेत : किडीमुळे होणारी खरूज आणि बुरशीमुळे होणारे गजकर्ण. हे दोन रोग वेगळे कसे ओळखले गेले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

खरजेचे कारण आधी सापडले. १६८७ मध्ये बोनोमो या इटालियन वैद्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या किडीचे वर्णन फ्रान्चेस्को रेडी यांना लिहिलेल्या पत्रात केले. गजकर्णामागील बुरशीचे स्वरूप स्पष्ट होण्यास मात्र आणखी दीडशे वर्षे लागली. पॅरिसमधील डेव्हिड ग्रुबी यांचे संशोधन १८४० च्या दशकातील आहे. कुत्र्यांतील गजकर्णास बहुधा कारणीभूत असणाऱ्या बुरशीला १९०२ मध्ये मायक्रोस्पोरम कॅनिस हे नाव मिळाले. नावात कुत्रा असला तरी तिचा मुख्य आश्रय मांजर आहे, हा नामकरणातील एक विनोदच.

कारण कळले म्हणून औषध सापडले असे नाही. मुंबई-गोव्यात माणसांच्या गजकर्णावर ‘गोवा पावडर’ प्रसिद्ध होती. ही भुकटी मूळची गोव्याची नव्हेच. ती ब्राझीलमधील अरारोबा वृक्षाच्या खोडात साठते आणि पोर्तुगीज व्यापारमार्गाने इकडे येत असे, हे १८७० च्या दशकात उघड झाले. तिच्यातील क्रायसारोबिन गुणकारी, पण त्वचेचा दाह करणारे होते. कुत्रा स्वतःचे अंग चाटतो. त्यामुळे माणसाला चालणारा दाहक लेप त्याच्या पोटात जाण्याचा धोका उरतोच.

निदानाला खरी गती १९२५ मध्ये मिळाली. विशिष्ट काचेतून गाळलेल्या अतिनील प्रकाशात बाधित केस हिरवे चमकतात, असे फ्रान्समध्ये दिसून आले. तथापि या बुरशीचे सर्वच वाण चमकत नाहीत. चमक दिसली नाही म्हणून रोग नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

१९३९ मध्ये वेगळ्या केलेल्या ग्रिसिओफुल्विनची कथा अधिक बोलकी आहे. १९५८ मध्ये जेंटल्स यांनी ते गिनीपिगांना तोंडावाटे देऊन गजकर्ण बरे केले. त्यानंतरच ते माणसाच्या उपचारात आले. प्राण्याच्या शरीरावर सिद्ध झालेले औषध माणसाकडे गेले, ही बाब इतिहासलेखनात सहसा दुर्लक्षित राहते.

१९८० च्या दशकात आलेले आयव्हरमेक्टिन पुढे खरजेवरही वापरले जाऊ लागले. परंतु कोली जातीचे काही कुत्रे त्याने गंभीर आजारी पडत. त्यामागील जनुकीय दोष २००१ मध्ये उलगडला. अर्थात, हे औषध बुरशीवर निरुपयोगी आहे. लूत म्हणून सरसकट टोचण्यातील चूक ती हीच. गजकर्णात पुष्कळदा खाज फारशी नसतेही.

आज गजकर्णासाठी इट्राकोनॅझोलसारखी औषधे आहेत. बुरशीचे बीजाणू अंथरुणात व गळालेल्या केसांत अनेक महिने टिकतात, म्हणून घराची स्वच्छताही उपचाराचाच भाग मानली जाते. त्यासोबत चुना व गंधकाच्या द्रावणाने अंग भिजवण्याची शिफारस २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही आढळते. गंधक हे खरजेवरचे फार जुने औषध. त्याचा कुजक्या अंड्यासारखा वास मात्र अद्याप कोणाला घालवता आलेला नाही.