अंगणापासून वीटभट्टीपर्यंत

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील ठाकूर व कातकरी पाड्यांवर आज भरणाऱ्या अंगणवाडीचे मूळ पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातच, 2014 पासून पालघर जिल्ह्यात गेलेल्या डहाणू तालुक्यात सापडते. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे प्रयोग केलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. मूल साधने हाताळत स्वतःच शिकते, हे मॉन्टेसरी पद्धतीचे तत्त्व त्यांनी स्वीकारले. मात्र तिची महागडी साधने खेड्याला परवडणारी नसल्याने शिंपले, खडे, बिया, पाने यांनाच त्यांनी साधनांचे स्थान दिले. अशा वस्तूंचे सामर्थ्य कमी लेखू नये. चिंचोक्यांचे ढीग लावताना लहान-मोठे, कमी-जास्त हे भेद बोटांना आधी कळतात व अंक मागाहून येतात. शिवाय मधोमध फोडलेला चिंचोका एका अंगाने काळपट आणि दुसऱ्या अंगाने पांढरा असल्याने त्याचा आयता फासा होतो.

अस्पृश्य मानलेल्या वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली, तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी चराईच्या रानातच भरणारी कुरणशाळाही याच विचारातून निघाली.

2 ऑक्टोबर 1975 रोजी देशभरात 33 प्रकल्पांनी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेने अंगणवाडी हे नाव गावोगाव पोहोचवले. तथापि पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आदी सहा सेवांपैकी तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे पूर्वशालेय शिक्षण ही केवळ एक सेवा ठरली, आणि वजन, आहार व नोंदवह्या यांत सेविकेचा दिवस सरत असल्याने खेळाला उरलासुरला वेळ मिळू लागला.

त्यातच भाताची झोडणी आटोपली की शहापूर-मुरबाडमधील अनेक कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीवरील झोपडीला भोंगा म्हणतात. विधायक संसद या संस्थेने 1990 च्या दशकात ठाणे जिल्ह्यात चालवलेल्या भोंगाशाळा, म्हणजे भट्टीवरच भरणाऱ्या शाळा, या कुरणशाळेच्या खऱ्या वारसदार होत. पाड्यावरच्या पटावर नाव असलेले मूल अर्धे वर्ष भट्टीवर राहणार असेल, तर तेवढे महिने अंगणवाडीनेही चिंचोके-खड्यांसह तेथेच भरले पाहिजे.