विडी, सुपारी आणि महागाईचा आकडा

पेशवाईत पुण्याच्या कोतवालाकडे शहराच्या बंदोबस्ताबरोबरच बाजारच्या निरखावर देखरेख ठेवण्याचेही काम असे. परंतु निरख हा जिनसेचा भाव सांगतो, ती जिन्नस विकत घेणाऱ्या घराची ओढाताण सांगत नाही, आणि ही ओढाताण अंकांत मांडण्याची निकड सरकारास प्रथम भासली ती मुंबईच्या गिरणगावात.

पहिल्या महायुद्धाने कापडाचे व धान्याचे भाव चढवले. 1918 साली पावसाने दगा दिला, पाठोपाठ इन्फ्लुएंझाची साथ आली, आणि 1919 च्या जानेवारीत लाखाहून अधिक गिरणीकामगार संपावर गेले. मजुरी वाढली असे मालक म्हणत, पोट भरत नाही असे कामगार म्हणत, आणि दोघांचेही म्हणणे आपापल्या परीने खरे असल्यामुळे त्रयस्थ मोजमापावाचून तंटा मिटण्यासारखा नव्हता. मुंबई सरकारने 1921 मध्ये मजूर कचेरी स्थापली, ती या पार्श्वभूमीवर; तिने जुलै 1914 चा राहणीखर्च 100 धरून दरमहा निर्देशांक प्रसिद्ध करण्यास आरंभ केला.

या पहिल्या निर्देशांकात धान्य, डाळी, इंधन, दिवाबत्ती, कापड व घरभाडे यांची दखल होती; किरकोळ खर्चास मात्र जागा नव्हती. माणूस खातो, नेसतो आणि निजतो, एवढाच जणू त्याचा संसार! घरभाड्याची गोष्ट तर विशेषच नाजूक होती. 1918 च्या कायद्याने भाड्यास 1 जानेवारी 1916 च्या पातळीचा बांध घातलेला असल्याने कागदावर ते फारसे हलत नसे. पण त्याच दहा-बारा फुटांच्या खोलीत दुसरे कुटुंब येऊन राहिले, तर झालेली अडचण कोणत्या रकान्यात लिहावी, हे कोणत्याही कारकुनाला सांगता आले नसते.

पुढे नव्या कुटुंबखर्च-पाहणीच्या आधारे 1933-34 हे पायाभूत वर्ष धरून दुसरी मालिका सुरू झाली, आणि तीत न्हाव्याची मजुरी, धुण्याचा साबण, औषध, सुपारी, विडी, वर्तमानपत्र आणि गावी जाण्यायेण्याचे भाडेही आले. मला या यादीतील ही शेवटची बाब फार अर्थपूर्ण वाटते. कोकणातून किंवा घाटावरून आलेल्या माणसाचे अर्धे चित्त गावाकडेच असते, ही गोष्ट सरकारी दफ्तराने प्रथमच खर्चाची बाब म्हणून मान्य केली होती.

दुसऱ्या महायुद्धात भाव पुन्हा भडकले, 1940 मध्ये महागाई भत्त्यासाठी चाळीस दिवसांचा संप झाला, आणि लवकरच भत्ता निर्देशांकाशी जोडला गेला. तेव्हापासून अर्थशास्त्रज्ञांच्या ‘चलनवाढ’ या शब्दाला चाळीत कोणी विचारीत नसले, तरी एका अंकाने आकडा चढला की घटला, याची चौकशी पगाराच्या दिवशी हमखास होऊ लागली. आणि आकड्यावर पैसा अवलंबू लागताच आकड्यावरचा संशयही वाढला. जुन्या मालिकेत भाववाढ पुरती उमटत नाही, या कामगार पुढाऱ्यांच्या तक्रारीवरून 1963 मध्ये महाराष्ट्र सरकारने प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि त्या समितीलाही आकडा वास्तवापेक्षा कमीच निघत असल्याचे आढळले. म्हणजे ज्या मापाने तंटा मिटवायचा, त्याच मापाचा तंटा सोडवण्यासाठी आता विद्वानांना बसावे लागले.