गुरुजींची बदली

बाबूकाकांची गोष्ट आत्या जिन्यापासून सुरू करायची. माण तालुक्यातलं गाव, साल १९५६च्या आसपासचं. चौथीपर्यंतचे वर्ग खाली भरत, पाचवीचा माडीवर. पोलिओनं काकांचे दोन्ही पाय गेलेले. आजी त्यांना कडेवर घेऊन शाळेच्या दारापर्यंत आणायची. तिथून गुरुजी त्यांना पाठुंगळी घेऊन लाकडी जिना चढायचे.

दिवाळीनंतर गुरुजींची बदली झाली. नवे मास्तर आजीला म्हणाले, "बाई, याला रोज वर-खाली कोण करणार? घरीच ठेवा." आजीनं दाद कुठं मागायची? तसा कायदाच नव्हता. काका जन्मभर पिठाच्या गिरणीवर बसले. दळणाचा सगळा हिशेब त्यांच्या तोंडी असायचा, पण सातवीची फायनल राहिली ती राहिलीच. आत्या त्या गुरुजींना देवमाणूस म्हणायची, आणि ते होतेच. मला मात्र सलतं ते वेगळंच. एका हुशार पोराची शाळा एका माणसाच्या चांगुलपणावर चालली होती, आणि बदलीच्या एका कागदानं ती बंद पडली.

१९७४ साली अपंग मुलांना नेहमीच्या शाळेत शिकवण्याची केंद्राची एकात्म शिक्षणाची योजना आली. पण ती योजना होती, हक्क नव्हता. १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा शब्द कायद्यानं दिला तो १९९५ साली. तेव्हा काका पन्नाशीला टेकले होते.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. स्वमग्नता आली, अध्ययन अक्षमताही आली. त्यातलं सोळावं कलम मी आत्याला वाचून दाखवायला हवं होतं, इतकं ते त्या जिन्याबद्दल आहे. सरकारी अनुदानाच्या किंवा मान्यतेच्या प्रत्येक शाळेनं भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, इमारत मुलांना वावरता येईल अशी करायची, ज्याची जशी गरज तशी सोय करायची. ऑक्टोबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच धोरण पुढे नेलं. वाचादोष ४० टक्क्यांच्या वर भरतो म्हणून महाराष्ट्रातल्या एका मुलाला एमबीबीएसचा प्रवेश नाकारला होता. नुसत्या टक्क्यांवरून दार बंद करता येणार नाही, त्याला हे शिक्षण झेपेल का ते तपासा, असं न्यायालयानं बजावलं.

तरीही "आमच्याकडे सोय नाही" हे वाक्य आजही ऐकू येतं. ते ऐकून मुलाला घेऊन परत फिरू नका. नकार लेखी मागा, सोळावं कलम दाखवा आणि तरी ऐकलं नाही तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा.