अर्ध्या कोयत्याची ऊर्जा

नृसिंहवाडीच्या घाटावर बसलं की कृष्णा आणि पंचगंगा एकमेकींत मिसळताना दिसतात. पाठीमागे दत्ताचं देऊळ, रस्त्यावर बासुंदी-पेढ्यांची दुकानं. आणि गाव संपलं की ऊस. शिरोळकडे जा, कुरुंदवाडकडे जा, दोन्ही बाजूंना ऊसच.

'क्लीन एनर्जी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सोलर पॅनेल येतं, नाहीतर पवनचक्की. या भागात मात्र ती शेतात उभी असते. रस काढून उरलेली चिपाडं, म्हणजे बगॅस, कारखान्याच्या बॉयलरमध्ये जाते. वाफेवर टर्बाइन फिरतं. कारखान्याची गरज भागून उरलेली वीज विकली जाते. मळीपासून इथेनॉल होतं आणि ते पेट्रोलमध्ये मिसळतं. (उसाला पाणी किती लागतं आणि मग ही ऊर्जा 'स्वच्छ' किती, हा वाद खरा आहे. आज त्यात शिरत नाही.) माझा प्रश्न वेगळा आहे: या साखळीत बायका कुठे आहेत?

अगदी पहिल्या पायरीवर. ऊसतोडीत मजूर मोजायचं माप म्हणजे 'कोयता', आणि नवरा-बायको मिळून एक कोयता. तो ऊस तोडतो. ती पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडीपाशी आणते. मुकादमाची उचल बहुतेक वेळा त्याच्या हातात पडते. हिशोबात ती अर्धा कोयता. गुऱ्हाळातही फार निराळं नव्हतं. गुळव्याला मान होता, पण चुलवाणासाठी चिपाडं उन्हात पसरायचं, वाळवायचं काम बहुधा बायकांकडे. कोल्हापुरी गुळाचं नाव झालं, इंधन सांभाळणारीला साधं पदनामही मिळालं नाही.

वरच्या पायरीवर जायचा प्रयत्न याच जिल्ह्यात झाला. भुदरगड तालुक्यात तांबाळे इथे विजयमाला देसाई यांच्या पुढाकारानं इंदिरा गांधी महिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. आशिया खंडातला पहिला महिला साखर कारखाना अशी त्याची ओळख सांगतात. पुढे तो अथणी शुगर्सकडे गेला. 'बायकांना जमलं नाही' असं म्हणायची घाई मात्र नको. पुरुषांनी चालवलेले किती सहकारी कारखाने आजारी पडले, भाड्यानं गेले, विकले गेले, ते राज्याला ठाऊक आहे. त्यांच्याबद्दल 'पुरुषांना जमलं नाही' असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

कारखान्याकडे ऊस जातो, पाला शेतातच राहतो. हेक्टरी आठ-दहा टन. तोड झाली की संध्याकाळी काडी लावायची, हा आपल्याकडचा रिवाज. पुण्याच्या 'आरती' (ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट) या संस्थेनं नेमका हा पाला उचलला. संस्था डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली सुरू केलेली. त्यांची मुलगी डॉ. प्रियदर्शिनी कर्वे भौतिकशास्त्रज्ञ, आणि पाल्यापासून कोळसा करण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा. इरावती कर्वे त्यांची आजी, महर्षी कर्वे पणजोबा. मुलींना शिकवायचं म्हणून ज्यांनी लोकांची बोलणी खाल्ली, त्यांच्या चौथ्या पिढीतली मुलगी शेतातल्या पाचटाकडे इंधन म्हणून बघते, हा धागा मला पुरस्कारांपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

पुरस्कारही मिळाला. २००२ सालचा ब्रिटनमधला ॲशडेन पुरस्कार याच कामासाठी होता. तंत्र समजायला सोपं आहे. पाला डब्यांत ठासून भरायचा, डबे भट्टीत ठेवायचे, खाली पालाच जाळायचा. डब्यातल्या पाल्याला हवा मिळत नाही, म्हणून तो राख न होता कोळसा होतो. त्याची भुकटी खळीत किंवा शेणात कालवून कांड्या पाडायच्या. पुढे आलेल्या 'सराई' कुकरमध्ये अशा १०० ग्रॅम कोळशावर पाच माणसांचा स्वयंपाक होतो. आता गणित करू. एकरी तीन टन पाला, त्याचा पाचवाच हिस्सा कोळसा धरला तरी ६०० किलो. म्हणजे सहा हजार वेळचा स्वयंपाक. काडी लावली तर तोच पाला पाऊण तासात संपतो.

मग हे घराघरांत का पोचलं नाही? याचं उत्तर मला दुसऱ्या एका चुलीच्या गोष्टीत सापडतं.

१९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यात बायकांचे गट उभे राहिले. त्यांतून प्रेमा गोपालन यांची 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था वाढली. २००६ च्या सुमारास 'बीपी' या तेल कंपनीनं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या तंत्रावर 'ऊर्जा' नावाची चूल बाजारात आणली. आत छोटा पंखा, धूर कमी, इंधन म्हणून शेतातल्या कचऱ्याच्या गोळ्या. चूल खपवायला गावोगावच्या सख्या कामाला लागल्या. ज्यांनी आयुष्यात कधी काही विकलं नव्हतं, त्या शेजारणीच्या अंगणात चूल पेटवून दाखवायला लागल्या, हप्ते वसूल करायला लागल्या. चार लाखांवर चुली खपल्या.

मग गोळ्या महागल्या. शेतातला कचरा कारखान्यांनाही हवा होता, त्यामुळे कच्च्या मालाचा भाव चढला. बीपी या धंद्यातून बाहेर पडली. नव्या मालकांनी घरगुती चुलीपेक्षा हॉटेलांकडे मोर्चा वळवला. घराघरांतल्या चुली कोपऱ्यात गेल्या. सखीला विकता येत होतं, दुरुस्ती समजत होती, गिऱ्हाईक ओळखीचं होतं. गोळीचा भाव तेवढा तिच्या हातात नव्हता.

तरी बायका थांबल्या नाहीत. त्याच जाळ्यातून सौरदिवे, दुसऱ्या चुली विकल्या गेल्या, आणि २०१६ साली संयुक्त राष्ट्रांनी हवामानविषयक कामाचा सन्मान या सख्यांना दिला. वर्धा जिल्ह्यातल्या कवठा झोपडी गावच्या बायका एक पाऊल पुढे गेल्या. आयआयटी मुंबईच्या मदतीनं त्यांनी सहकारी संस्था काढून सोलर पॅनेलचा कारखानाच उभारला. तिथे त्या विक्रेत्या नाहीत, मालक आहेत.

म्हणून बायकांच्या करिअरबद्दल बोलताना 'प्रशिक्षण' हा शब्द सारखा ऐकू आला की मी जरा सावध होते. प्रशिक्षण सख्यांकडे भरपूर होतं.

वाडीच्या आसपास मालकीचा रस्ता सहकारातून जातो. राज्याच्या सहकार कायद्यात २०१३ च्या दुरुस्तीनंतर संचालक मंडळ जास्तीत जास्त २१ जणांचं, आणि त्यात महिलांसाठी दोन जागा राखीव. वीजनिर्मिती किती मेगावॅटची, इथेनॉल करायचं की नाही, हे याच टेबलावर ठरतं. पण तिथे बसायला आधी सभासद व्हावं लागतं, आणि ऊस-उत्पादक सभासद व्हायला साधारणपणे जमीन नावावर लागते.

ही गाठ शेतकरी संघटनेनं फार आधी ओळखली होती. १९८६ साली चांदवडला बायकांचं मोठं अधिवेशन झालं. त्यानंतर शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम घेतला: शेतकऱ्यानं आपण होऊन जमिनीचा वाटा बायकोच्या नावावर करायचा. गावात शंभर जणांनी केला की ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, देशाच्या आधी अकरा वर्षं.

तरी गावात बाईचं नाव उताऱ्यावर बहुधा वारस म्हणूनच चढतं, नवरा गेल्यावर. किंवा हक्कसोडपत्रावर सही करून उतरतं.

सातबारा आता फोनवर दिसतो, तलाठ्याकडे खेपा घालायला नकोत. घरची जमीन असेल तर गट नंबर टाकून एकदा उघडून बघा. भोगवटादाराच्या रकान्यात कुणाकुणाची नावं आहेत आणि ती कोणत्या साली, कशामुळे चढली.